वाढदिवसाची तपासणी

चष्मेकाकांनी बायकोला कधी साडी आणली नाही की गजरा आणला नाही. तिच्या वाढदिवसाला ते एकच करत. सकाळी दुकान उघडलं की तिला तपासणीच्या खुर्चीत बसवत, नाकावर भिंगं बसवायची ती जड चौकट चढवत आणि म्हणत, "मी चष्मेवाला माणूस, माझ्याकडे दुसरं काय असणार? घे, डोळे तपासून देतो."

काकूंना हे फार आवडायचं, खोटं कशाला बोला. नवरा सगळ्या गावाचे डोळे बघतो, पण आज सगळ्यांच्या आधी आपले बघतो, या नुसत्या कल्पनेनेच त्या खुर्चीत जरा ताठ बसायच्या. शेजारचा शिंपी दारात यायचा. एखादं गिऱ्हाईक आधीच बाकावर असायचं. सगळ्यांच्या देखत काका आधी उजवा डोळा झाकत, मग डावा, आणि समोरच्या तक्त्यावर पट्टी टेकवून म्हणत, "वाच."

काकू वरच्या मोठ्या अक्षरापासून सगळ्यात खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत वाचत जायच्या.

"शाबास! बघा हो, घरच्या डोळ्याला अजून नंबर नाही," असं काका बाकावरच्या गिऱ्हाइकाला सांगायचे. शिंपी म्हणायचा, "घरचा नमुना चांगला ठेवलाय म्हणून तर दुकान चालतं." मग सगळे हसायचे आणि चहा यायचा.

आता यातली गोम अशी होती की गेल्या काही वाढदिवसांना काकू डाव्या डोळ्याने काही वाचतच नव्हत्या. त्या डोळ्यापुढे आधी धुकं आलं, मग धुरकट काच आली, आणि मग दिवस आहे की रात्र एवढंच कळायला लागलं. पण रोज सकाळी दुकान झाडून तो तक्ता ओल्या फडक्याने पुसायचं काम काकूंचंच होतं. शाळेत त्या फार गेल्या नव्हत्या. तक्त्यावरची ती सुटी सुटी अक्षरं मात्र फडक्याबरोबर एकेक करून मनात उतरून बसली होती. लग्न झाल्यापासून काकांनी तक्ता बदलला नव्हता. उजवा डोळा झाकला की काकू समोरच्या पांढऱ्या धुक्याकडे बघायच्या आणि पाठ म्हणायच्या.

पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा काही ठरवलेलं नव्हतं. सगळे बघत होते, काका पट्टी धरून उभे होते, आणि तोंडातून अक्षरं आपोआप बाहेर पडली. मनात म्हणाल्या, वाढदिवसाचा विरस कशाला, उद्या सांगू. तो उद्या काही आला नाही. काकूंच्या आईलाही म्हातारपणी दिसेनासं झालं होतं, आणि घरातले सगळे म्हणाले होते, वयाचं आहे, चालायचंच. काकूही तसंच धरून चालल्या. शिवाय चष्मेवाल्याच्याच घरात डोळा गेला म्हटल्यावर लोक काय म्हणतील, ही धास्ती होती ती वेगळीच.

तर काकू सांभाळून घ्यायला शिकल्या. चहा ओतताना कपाच्या काठाला बोट लावून ठेवायचं, रस्त्याने भिंतीच्या कडेने जायचं. तरी टेबलाचा कोपरा कमरेत बसायचाच. काका हसायचे. "नजर अशी पक्की, आणि लक्ष कुठं असतं गं? वेंधळी ती वेंधळी." काकूही हसायच्या आणि आत जाऊन कंबर चोळायच्या.

अशात एक नवा कायदा आला. डोळे तपासायचे असतील तर सरकारने नेमलेल्या परिषदेकडे नोंदणी हवी. नोंदणी नसेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे चष्मे बनवा आणि विका, पण कुणाला खुर्चीत बसवून नंबर काढायचा नाही.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या हाताखालून अख्खं गाव गेलं! आता मी कालच्या पोरांना विचारून डोळे बघायचे?"

शिंप्याने तेल ओतलं. "माझं बरं आहे बाबा. माझ्या कात्रीला कुणी नोंदणी विचारत नाही."

"तुमचं चुकलं तर पँट आखूड होते भाऊजी," काकू बोलून गेल्या. "डोळ्याचं तसं नाही." आणि लगेच जीभ चावली. काकांनी वळून बघितलं. "तू कुणाच्या बाजूने गं?" काकू केरसुणी शोधायला आत गेल्या.

पण परिषदेने जुन्या लोकांसाठी एक वाट ठेवली होती. कागद नसला तरी अनुभव असेल त्याने एकदा परीक्षकांसमोर डोळे तपासून दाखवायचे. ज्याचे डोळे आपण स्वतः बघत आलो, असा एक माणूस बरोबर आणायचा. हात नीट चालतो का, आणि चष्म्यापलीकडचं काही असेल तर ते ओळखून डॉक्टरांकडे पाठवतो का, एवढं बघणार. पास झालं की नोंदणी.

"तूच चल," काका म्हणाले.

काकू घाईने म्हणाल्या, "लेकीला न्या ना. तिलाही तुम्हीच चष्मा दिलाय."

"तिचा नंबर वाकडातिकडा आहे, घोळ होईल. तुझ्यासारखे स्वच्छ डोळे दुसरे कुणाचे आहेत?"

त्या दिवशी दुपारी काका स्वतः सदऱ्याला इस्त्री करत बसले होते. भिंगांची पेटी उघडून एकेक काच मऊ कापडाने पुसून झाली होती, आणि शीळही घालत होते. काकू उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अहो, ऐका ना."

"बोल की."

काकांच्या चेहऱ्याचा उजव्या डोळ्यात मावेल तेवढा भाग काकूंना दिसला. नवरदेवासारखा उजळलेला होता. "कॉलर राहिली," काकू म्हणाल्या, आणि परत फिरल्या.

परीक्षेची खोली थंडगार होती. परीक्षक एक मध्यमवयीन बाई होत्या, शांत आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी काकूंना हाताला धरून खुर्चीत बसवलं, पाणी हवं का विचारलं, आणि काकांना म्हणाल्या, "करा सुरू. मी मध्ये बोलणार नाही."

इथे तक्ता भिंतीवर टांगलेला नव्हता. एक पेटी होती, तिच्यात दिवा होता, आणि बटण दाबलं की अक्षरं बदलायची. काकूंना त्यातलं काही कळलं नाही. काकांनी चौकट चढवली, उजव्या डोळ्यावर काळी चकती बसवली. हात सराईत होता. बाईंनी मान हलवली असावी, कारण काकांचा श्वास मोकळा झालेला काकूंना ऐकू आला.

"वाच," काका म्हणाले.

समोर पांढरं धुकं होतं. काकूंनी पाठ ताठ केली आणि वाचायला लागल्या. पहिलं अक्षर, दुसरी ओळ, तिसरी ओळ. आवाज तोच होता, दर वाढदिवसाचा.

काकांनी पेटीकडे बघितलं. तिथे ती अक्षरं नव्हती. त्यांना वाटलं, बायको घाबरली असेल. मग पुढची ओळ आली आणि त्यांनी ती ओळखली. ती त्यांच्या दुकानातली होती. तिच्या पुढचीही. बाईंचं पेन थांबलं. काकांनी हात उचलला, पण थांबवणं त्यांच्याने होईना. काकू एकेक अक्षर स्वच्छ म्हणत शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत गेल्या आणि "शाबास"ची वाट बघत थांबल्या.



"बरोबर आहे ना हो?" काकूंनी विचारलं.

काकांनी चकती काढली. चौकटही काढली, पण ती ठेवायला त्यांना टेबल सापडेना. "बाई," ते म्हणाले, "माझी परीक्षा झाली. आता हिचे डोळे बघा."

बाईंनी बघितले. डोळ्यांतलं प्रेशर मोजलं, डाव्या-उजव्या बाजूला दिवे लावून कुठला दिसतो ते विचारलं. काकू आता खरं सांगत होत्या. "नाही दिसत. हाही नाही." बाईंनी स्टूल जवळ ओढलं. काचबिंदू होता. डावा डोळा गेला होता आणि उजवा कडांकडून मिटत आला होता. गेलेली नजर परत येत नाही. आता डॉक्टरांकडे जायचं, रोज थेंब घालायचे आणि जेवढी उरली तेवढी धरून ठेवायचा प्रयत्न करायचा.

"आधी आलो असतो तर?" काकांनी विचारलं.

बाई समोरचे कागद आवरायला लागल्या.

"खरं सांगा. मी दर वर्षी बघत होतो."

"डावा एवढा गेला नसता बहुतेक," बाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "नुसता तक्ता वाचून घेऊन हा आजार सापडत नाही. बरेच दिवस माणूस सगळं वाचतो आणि कडेने अंधार येत राहतो. म्हणून तर हा नोंदणीचा सगळा खटाटोप चाललाय."

घरी येताना काका काकूंच्या डाव्या बाजूने चालले. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. पुलाच्या कठड्याशी आल्यावर त्यांनी विचारलं, "का नाही सांगितलंस मला?"

काकूंना रागावता आलं असतं, रडताही आलं असतं. त्या अगदी साध्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही वाच म्हणायचात. मी वाचायचे."

काका कठड्याला धरून उभे राहिले. माणसं जात-येत होती. एक ओळखीचं गिऱ्हाईक म्हणालं, "काय काका, झालात का पास?"

परिषदेने पुन्हा परीक्षेला बसायची मुभा दिली होती. काका बसले नाहीत. दुकान चालू आहे, चिठ्ठी आणली की चष्मा मिळतो. जुनी माणसं येऊन लाडीगोडी लावतात, "काका, नुसतं बघा तर खरं, कायद्याला कोण सांगायला जातंय?" काका त्यांना रस्ता समजावून देतात, कुठे जायचं, काय काय तपासून घ्यायचं. त्यातलं एखादं म्हणालं की मला तर स्वच्छ दिसतं, तर त्याला हाताला धरून स्वतः पोचवून येतात. शिंपी एकदा म्हणाला, "काय हो, कायद्याने चांगलेच हात बांधले तुमचे." काका म्हणाले, "उशिरा बांधले."

एवढं करूनही उजवा डोळा हळूहळू जातोच आहे. काकूंना आता समोर बसलेला माणूस नळीतून बघावा तसा दिसतो. आता टेबलाचा कोपरा लागला की घरात कुणी हसत नाही, आणि काकूंना तेच जास्त लागतं. त्या म्हणतात, "अहो, वेंधळी तरी म्हणा." काका म्हणत नाहीत.

दिवेलागणीला काका थेंब घालतात. भिंगाची कड अचूक घासणारा हात, पण बाटली धरली की थरथरतो. काकू मान मागे टाकून बसतात. परवाही तशाच बसल्या होत्या.

"पडला का गं?" काकांनी विचारलं.

"पडला" असं काकूंच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "गालावर पडला."

काकांनी गाल पुसला, बाटली पुन्हा उलटी धरली, आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट घट्ट आवळून धरलं.