विमलताई आणि खाडीची माती

काचेवर माती वळायला बसल्या की विमलताई गायकवाड डोळे मिटायच्या. ओल्या मातीची गोळी तळहाताखाली मागेपुढे फिरवत तिचा काडीएवढा बारीक दोरा करायचा. तो किती वळतो, कधी तुटतो, यावरून ती माती पावसात किती फुगेल आणि रस्त्याला किती दगा देईल ते कळतं. मी हे कॉलेजात आकड्यांतून शिकले होते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी त्यांना हाक मारली, तर डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "थांबा मॅडम, ती सांगतेय."

"कोण?"

"माती. दुसरं कोण हाय इथं?"

टेमघर गावाच्या कडेला पत्र्याची एक केबिन, तीच आमची प्रयोगशाळा. वडप्याच्या गोदामांकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या मातीचे नमुने तिथे यायचे. मी इंजिनिअर, विमलताई मदतनीस. त्यांची नोकरी कंत्राटी, आज आहे तर उद्या नाही. दुपारी पलीकडच्या गल्लीतून कापड विणणाऱ्या लूमचा आवाज एकसारखा येत राहायचा. भट्टीत सुकणाऱ्या मातीचा ऊबदार वास केबिनभर पसरायचा आणि वार कोणता, वेळ किती, काही लक्षात राहायचं नाही. एखादं ढेकूळ नाकाशी नेऊन विमलताई पुटपुटायच्या, "ही खाडीखाली होती कधीतरी. अजून भरतीची आठवण हाय तिला." काही नमुने चार दिवस पाण्यात बुडवून ठेवावे लागत. तिसऱ्या दिवशी मी डोकावले, की त्या हसायच्या. "घाई आपल्याला हाय मॅडम, तिला न्हाय."

एकदा सकाळी रस्त्याच्या कामावरचा सुपरवायझर साळुंखे एक पिशवी घेऊन आला. खाडीलगतच्या तुकड्याची माती, असं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवा होता. तो पास झाला की दुसऱ्या दिवशी खडी पडणार होती. विमलताई वळायला बसल्या. दोरा धरेचना, नुसता भुगा होत होता. त्यांनी डोळे उघडले.

"ही तिथली न्हाय. टेकडीचा मुरूम हाय हा."

साळुंखे चिडला. "तुम्ही मोजा. कुठली ते आम्ही बघू."

मी नवीन होते, घाबरले होते. म्हटलं, "ताई, पिशवीत आलंय ते तपासू या. चिठ्ठी आहे ना वर."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "चिठ्ठी कोणी पण लिहील, मॅडम."

"मग उद्यापासून येऊ नका," साळुंखे त्यांना म्हणाला आणि निघून गेला.

विमलताईंनी काच धुतली, पदराने पुसली, कोपऱ्यातलं फावडं आणि पत्र्याचा डबा उचलला आणि त्या उन्हातून चालू लागल्या. मी दारात उभी राहिले. त्यांची आकृती धुळीत पुसट होत गेली, तेव्हा कुठे मला माझी लाज वाटली आणि मी मागे धावले.

खाडीलगत आम्ही दोघींनीच खणलं. वर वीतभर मुरूम पसरलेला होता. त्याखाली करडा, चिकट चिखल. फावडं आत गेलं की पाणी हळूच वर यायचं. विमलताईंनी एक गोळा माझ्या हातावर ठेवला. "वळा आता तुम्ही." मी तळहातांत वळू लागले. दोरा लांबत गेला, लांबतच गेला. त्याच मातीची चाचणी करून मी रिपोर्ट दिला: नापास.

काम थांबलं. विमलताईंना खरोखरच घरी बसवलं गेलं. मी वरच्या साहेबांना सांगितलं, "त्या येत नाहीत तोवर मी एकाही रिपोर्टवर सही करणार नाही." चौथ्या दिवशी त्या पुन्हा काचेसमोर बसल्या होत्या. साळुंखेची बदली झाली. कमरेइतका चिखल उपसून तिथे नवा भराव पडला.

पुढे एकदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांचा नवरा चहा घेऊन आला. एक पाय ओढत. पूर्वी तो लूमचे तागे टेम्पोने पोचवायचा. रस्ता खचला आणि टेम्पो कलंडला. विमलताईंनी हे मला कधी सांगितलं नव्हतं.

रस्ता पूर्ण झाला. केबिन उचलली जाणार होती, ताई दुसऱ्या साइटवर आणि मी पुण्याला. शेवटच्या दुपारी नव्या रस्त्यावरून फिरवून घरी सोडायचं म्हणून मी त्यांना माझ्या जुन्या गाडीत बसवलं. इतकी वर्षं रस्त्यांची माती तपासूनही ताई तयार झालेल्या रस्त्यावरून गाडीने कधीच गेल्या नव्हत्या. "रस्ता होतो तवर आपण पुढच्या साइटवर," त्या म्हणाल्या. खिडकीतून वारा येत होता. खाडीलगतचा तुकडा कधी आला नि कधी गेला, कळलंसुद्धा नाही. बघते तर ताई झोपलेल्या. खरखरीत हात मांडीवर पालथे पडलेले.

त्यांच्या घराकडे जाणारं टेमघरचं वळण आलं. मी वळले नाही. वडप्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा निघाले. मध्येच त्यांनी डोळे किलकिले केले. "आलं का घर?"

"अजून नाही, ताई," मी म्हटलं.