वळणावरची बावीस मिनिटं

मी रेल्वेत कारकून होतो आणि औरंगाबाद स्टेशनवरच्या कामगार युनियनचा शाखा सेक्रेटरी. माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी होती, ती म्हणजे मसुदा. नोटीस कसलीही असो, तिला असं उत्तर लिहायचो की वाचणाऱ्या साहेबाला वाटावं, गुन्हा आपणच केलाय. निदान मला तसं वाटायचं.

पुढं चावीवाल्यांना जीपीएस आला. चावीवाला म्हणजे रोज सकाळी हातोडा, पाना आणि लाल झेंडी घेऊन रुळाच्या ठरलेल्या टप्प्यावरून चालत जाणारा माणूस. रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या, तडा दिसला तर गाडी थांबवायची, आणि तसंच चालत परत यायचं. आता त्याच्या गळ्यात एक काळी डबी अडकवली गेली. तो कुठं आहे, किती वेगानं चालतोय, कुठं थांबलाय, हे वरच्या ऑफिसात पडद्यावर दिसायला लागलं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा उंदरांचा जुना प्रश्न. आमच्याकडं मांजरांनीच उंदरांना घंटा बांधून तो निकालात काढला.

मी गेट मीटिंगमध्ये कडाडून भाषण केलं. पंख्याखाली बसून रूळ तपासणारे साहेब उंटावरून शेळ्या हाकतायत, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

डबीची पहिली नोटीस आली ती लासूर स्टेशनकडच्या एका चावीवाल्याला. रुळावर काम करणारी सगळी गँग त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. रिटायर व्हायला त्यांना आठ महिने उरले होते. आमच्याकडं एक रीत आहे. चावीवाला रिटायर होतो त्या दिवशी तो आपल्या टप्प्यावर शेवटचा फेरा घालतो. फेटा बांधलेला, खांद्यावर हातोडा, मागं सगळी गँग. समोरून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर त्याच्यासाठी लांबलचक भोंगा देतो. साहेबांच्या निरोपालाही भोंगा वाजत नाही. मामांनी त्या दिवसासाठी पाहुण्यांना आतापासून सांगून ठेवलं होतं. फेटाही घेऊन ठेवला होता.

नोटिशीत लिहिलं होतं की सदर कर्मचारी रोज एकाच जागी बावीस मिनिटं थांबतो, कधी जास्तही. कामात कुचराई का समजू नये, याचा खुलासा करावा. मामा ती घेऊन आले, बाकावर टेकले आणि म्हणाले, "बघा काय ते."

मला कार्यकारिणीच्या बैठकीला जायचं होतं. आणि सकाळच्या वेळी माणूस रुळाकडेच्या झुडपात कशासाठी थांबतो, हे सांगायला काय शास्त्री लागतो? मी लिहिलं, "सदर कर्मचारी पोटाच्या जुनाट विकाराने ग्रस्त असून निसर्गाच्या हाकेस ओ देणे हा मनुष्यमात्राचा हक्क आहे." असं दोन पानं. पडद्यावर आता माणसाचा कोठाही दिसणार का, असा सवालही शेवटी टाकला. मामांनी दोन्ही पानं सावकाश वाचली.

"सही कुठं करू?" एवढंच त्यांनी विचारलं.

वरच्या ऑफिसनं माझा खुलासा शब्दन् शब्द मान्य केला आणि तिथंच घोटाळा झाला. विकार जुनाट आहे म्हटल्यावर त्यांनी मामांना वैद्यकीय तपासणीला पाठवलं. पोट उत्तम निघालं. दगड पचवाल, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. पण फॉर्मवर पोटाखेरीज इतरही रकाने असतात आणि डॉक्टरांनी ते सगळे भरले. डाव्या डोळ्याचा पडदा गेलेला निघाला. त्यावर इलाज नव्हता. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. मामा रुळावरच्या कामाला अनफिट ठरले आणि त्यांना आमच्या ऑफिसात शिपाई म्हणून बसवलं. पगार तोच, डोक्यावर पंखा. युनियनच्या अहवालात मी ते प्रकरण 'समाधानकारक' म्हणून लिहिलं.

मामा येताना पाण्याचा जग आणायचे, जाताना रिकामे पेले न्यायचे. हातोड्याशिवाय त्यांचे हात जरा लांब वाटायचे.

दोन महिन्यांनी त्यांच्या जागी आलेल्या चावीवाल्याला नोटीस आली. हा चाळिशीचा, धडधाकट गडी. नोटिशीत तोच टप्पा, तीच जागा, तीच बावीस मिनिटं. मी सवयीनं कागद ओढला, पेन उघडलं आणि थांबलो. दोन माणसांची पोटं एकाच जागी, एकाच वेळी कशी बिघडतील? सेक्रेटरी झाल्यापासून पहिल्यांदाच मी जागा बघायला गेलो.

लासूरच्या अलीकडं रूळ टेकडीच्या पोटातून, खडक फोडून केलेल्या खिंडीतून जातो आणि आत शिरताच वळतो. खिंडीच्या तोंडाशी एक लिंब आहे. नवा चावीवाला त्याच्या सावलीत उभा होता, गळ्यात डबी. का थांबलात, असं मी विचारलं.

"पॅसेंजर जाऊ द्यायची, मंग आत शिरायचं," तो म्हणाला. "आत दोन्हीकून दगड. सरकायला जागा नाय, आन् वळणामुळं गाडी दिसत नाय. मामाच्या आधीचा चावीवाला हितंच गाडीखाली गेला. तवापासून ह्या टप्प्यावर गाडी गेल्याबिगर कोणी शिरत नाय. मामानं चार्ज देताना पयलं हे सांगितलं. हातोडा मंग दिला."

मी ऑफिसात परत आलो. मामा पेले विसळत होते. म्हटलं, "मामा, वळणाचं मला का सांगितलं नाही?"

"तुम्ही इचारलं नाय," मामा म्हणाले. पेला पालथा घातला. "आन् तुम्ही शिकलेले. म्हणलं, कायद्यात असंच लिहीत असतील."

मला लाज वाटली. त्या दिवशी पाण्याचा पेला मी स्वतःच भरून घेतला. साहेब उंटावर होते हे खरं, पण मीही काही पायी चालत नव्हतो.

नव्या चावीवाल्याचा खुलासा मी चार ओळींत लिहिला. नोटीस रद्द झाली आणि त्या जागी थांबणं पडद्यावर कायमचं मंजूर झालं. मग मामांना शेवटचा फेरा घालू द्यावा, म्हणून मी अर्ज केला. अनफिट माणसाला रुळावर जाऊ देता येत नाही, असं उत्तर आलं. नियम बरोबर होता. आमच्याच युनियननं तो भांडून करून घेतला होता. मागणीपत्र माझ्याच अक्षरातलं होतं.

मामांचा निरोपसमारंभ ऑफिसात झाला. शाल, नारळ, समोसे. गँग आली होती, पाहुणे आले होते आणि मामांनी फेटा बांधला होता. मी तीन पानांचं भाषण घेऊन उठलो, तसा त्यांनी माझा हात धरून मला खाली वाकवलं.

"सेक्रेटरीसाहेब, पोटाचं काय नाय ना त्याच्यात? पाव्हणे हायत."

मी पानं खिशात घातली. "मामा, काय बोलू?"

त्यांनी गँगकडं पाहिलं. "वळणाचं सांगा," म्हणाले. "गाडी गेल्याबिगर शिरायचं नाय म्हणावं. गँगमदी नवे लोक हायत."

मी तेवढंच बोललो आणि खाली बसलो.