जिथं मरीयेला माळी दिसला

अमरावतीच्या वेशीबाहेर, भातकुलीच्या वाटेला जयवंताचा मळा होता. विहिरीभोवतीचा तुकडा तो केवढा, पण त्यात वांगी, मेथी, कोथिंबीर, कडेला शेवंती आणि मोगरा, शिवाय नवऱ्यानं लावलेले दोन पेरू. नवरा पटकीत गेला तेव्हापासून ती एकटीच मोट हाकायची आणि सकाळी टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जायची.

तिथंच एकदा तिला नत्थुजींचा आवाज ऐकू आला. नत्थुजी पूर्वी अडत्याकडे कापूस तोलायचे. आता मिशनचे उपदेशक झाले होते आणि बाजाराच्या कोपऱ्यावर उभे राहून पवित्र पुस्तक वाचून दाखवायचे. लोक घटकाभर थांबत, हसत, पुढं जात. त्या दिवशी ते प्रभूच्या शिष्येची, मरीयेची गोष्ट सांगत होते. प्रभूला थडग्यात ठेवलं होतं, थडगं एका बागेत होतं. मरीया पहाटे तिथं आली तर थडगं रिकामं. ती रडत उभी होती, तेवढ्यात समोर कुणीतरी आलं. तिला वाटलं, बागेचा माळी असेल. तो प्रभूच होता.

जयवंता टोपली घेऊन थबकली.

"माळी?" तिनं विचारलं.

"हो, माळी."

"देवाले माळी समजली थे?"

"समजली ना."

जयवंतानं टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "पुन्हा सांगा."

पुढं वर्षाच्या आत तिनं बाप्तिस्मा घेतला. दीर खुशालराव त्या दिवसापासून तिच्या विहिरीचं पाणी प्यायचे बंद झाले. जावा वाटेत दिसल्या की पदर सावरून पलीकडून जायच्या. ते तिनं सोसलं. पण ती बाग तिच्या मनातून हलेना. मोट रिकामी करताना, खुरपताना, तिला वाटायचं, तिथं पाटाला पाणी कसं सोडत असतील? माती काळी असेल, नाहीतर मरीयेला तिथं माळी कसा वाटला असता? फुलं कोणती असतील?

त्याच सुमारास दूर अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडाच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. खामगावच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटेना. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. मिशनची मंडळी म्हणजे इनमीन दहा-बारा माणसं, पण त्यांच्याही हाती कधी नव्हे ते काही उरू लागलं. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर सूर्यभान गाडीवान सहज बोलून गेला, "मुसलमान मक्केले जातेत, आपले शेजारी काशीले जातेत. मंग आपणच येरुशलेमले काहून जात नाही?"

कुणी हसलं नाही. जयवंता तर उठता उठता पुन्हा खाली बसली.

मग दर रविवारी तोच विषय. नत्थुजी सारवलेल्या जमिनीवर सरकीचे दाणे मांडायचे: ही अमरावती, ही मुंबई, हे सुवेझ, आणि इकडं येरुशलेम. मधल्या मोकळ्या जागेवर हात फिरवून म्हणायचे, "हा समुद्र." समुद्र कुणीच पाहिला नव्हता. सूर्यभान म्हणायचा, "पूर्णेले पूर आला का जसं दिसते, तसंच असन." नत्थुजींची बायको आशाबाई दशम्या किती दिवस टिकतील याचा हिशोब करायची. जयवंताचे डोळे मात्र सगळ्यात शेवटच्या दाण्यावर असायचे.

बाळापूरला एक म्हातारे हाजीसाहेब राहत, सतरंज्या विणायचे. हजवरून परतताना ते येरुशलेमही करून आले होते, असं सूर्यभानला कळलं. खामगावला कापूस घालायला निघालेल्या त्याच्या गाडीवर नत्थुजी आणि जयवंता बसून गेले. हाजीसाहेबांनी माग थांबवला, पाणी दिलं, जहाजाबद्दल, उलट्यांबद्दल, उंटवाल्यांच्या लबाडीबद्दल मोकळेपणानं सांगितलं. जयवंता वाट बघत राहिली. शेवटी तिनं विचारलंच, "अन् तिथली बाग?"

"बागा तर बहोत हायत, बहन. पण तुमची जी बाग, थे मी काही पाह्यली नाही. मी आमच्या मशिदीत नमाज पढलो अन् निघालो." मग तिचा चेहरा पाहून ते म्हणाले, "तुमीच जाऊन पाहा."

परतल्यावर तिनं मनाचा हिय्या केला. मंडळीतला प्रत्येक जण आपापल्या कापसातला वाटा यात्रेसाठी बाजूला काढत होता, आणि तिच्याकडे कापूस नव्हता. तिनं शेवंती उपटली. मोगरा खणून काढला. पेरूवर कुऱ्हाड घालताना तिचा हात थांबला, तेव्हा मदतीला आलेला सूर्यभान म्हणाला, "राहू द्या ना बाई थे दोन झाडं." ती म्हणाली, "सावलीत पऱ्हाटी होत नाही," आणि घाव घातला. विहिरीपासून बांधापर्यंत कपाशी पेरली.

एक हंगाम चांगला गेला. दुसऱ्या हंगामाची वेचणी झाली आणि खबर आली की अमेरिकेतली लढाई संपली. भाव असा कोसळला, की भरल्या गाड्या खामगावहून तशाच परत आल्या. मंडळीनं साठवलेलं होतं त्यातलं बरंचसं पोटापाण्यात गेलं, आणि एका माणसाला पुरेल, एवढंच राहिलं. मिशनचे गोरे पाद्रीसाहेब प्रकृतीपायी आपल्या देशी निघाले होते आणि वाटेत येरुशलेम करून जाणार होते. ते म्हणाले, एकाला मी सोबत नेतो. सगळ्यांच्या वतीनं तो पाहून येईल.

चिठ्ठ्या टाकल्या. सूर्यभानचं नाव निघालं.

तो कावराबावरा झाला. "बाई, माह्या जागी तुमी जा. मले बैलांशिवाय काय समजते?"

सगळ्यांनी जयवंताकडे पाहिलं. हो म्हणायला तिचे ओठ उघडलेही होते. मग ती म्हणाली, "देवाच्या नावानं चिठ्ठी टाकली ना? तुहं नाव निघालं. तू जा." जरा थांबून पुढं म्हणाली, "फक्त थे बाग नीट पाह्यजो. झाडं कोणती, पाणी कुठून देतेत, सगळं पाह्यजो."

घरी येऊन ती वाळलेल्या पऱ्हाट्या उपटत बसली, हात सोलून निघेपर्यंत.

सूर्यभान वर्षानं परतला, वाळलेला, काळवंडलेला. मंडळी त्याच्याभोवती बसली. त्यानं समुद्र सांगितला, तिथली गाढवं सांगितली, अरुंद दगडी गल्ल्या सांगितल्या. मग तो जयवंताकडे वळला.

"बाई, थडग्यापाशी गेलो. हात लावला. पण तिथं बाग नाही."

"म्हंजे?"

"वरून मोठ्ठं दगडाचं मंदिर बांधलं हाय. आत दिवे, धूप, गर्दी. झाड एक नाही. मी दुभाष्याले इचारलं, बाग कुठी हाय? तो हसला. म्हणे, थे जाऊन हजार वर्षाच्या वर झाले."

"माती?"

"माती दिसतच नाही. सगळी फरशी."

सूर्यभान घाईघाईनं म्हणाला, "डोंगराखाली दुसरी एक हाय. शिपायायनं धरायच्या आधी प्रभूनं जिथं प्रार्थना केली, थे. तिथं झाडं हायत, लय जुनी. पानं वरून हिरवी अन् खालून चांदीवानी. माती पांढरी, नुसते गोटे. आपल्याकडं अशा जमिनीत काही उगवलं नसतं."

"पाणी?"

"एक साधू डोलानं देत होता. झाडाझाडाले."

जयवंतानं मान हलवली आणि उठून गेली.

पावसाळ्यात तिनं मळा पुन्हा मांडला. वांगी लागली, शेवंतीची रोपं कुणाकडून तरी मागून आणली. पेरू नव्यानं लावले, त्यांना फळ यायला वेळ होता. आशाबाई एकदा बांधावर बसून तिची समजूत घालू लागली, "कायले जीव जाळतं? हेच तुही थे बाग समज ना."

"नाही," जयवंता म्हणाली. "हा माहा मळा हाय. थे बाग तिकडंच व्हती. मले तिकडंच जायचं व्हतं." आणि खुरपं उचलून वाफ्यात बसली.

बडनेऱ्याला आगगाडी सुरू झाली तेव्हा ती फुलं विकायला तिथं जाऊ लागली. पहिल्या दिवशी गाडी आली, माणसं चढली, उतरली. जयवंतानं तिकीटबाबूला विचारलं, "हे कुठवर जाते, दादा?"

"मुंबईपर्यंत."

"अन् तिथून पुढं?"

"पुढं काय? पुढं पाणी."

"पाण्याच्या पुढचं मले ठाव हाय," ती म्हणाली, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत टोपली कडेवर घेऊन उभी राहिली.