आईनं सर केलेला कडा

परवा इथे अमेरिकेत, हर्नडन गावातल्या माझ्या घरी जुना स्वेटर धुवायला भिजवला आणि ओल्या लोकरीच्या वासानं मी थेट नॉर्वेच्या डोंगरावर पोचले.

तेव्हा मी स्वीडनमध्ये शिकत होते. सुट्टीत आई नागपूरहून आली म्हणून तिला नॉर्वे दाखवायला नेलं. डोंगरांत शिरलेल्या समुद्रावर तिथे एक उंच कडा आहे. वाट सगळी दगडांची, त्यात पावसाची भुरभुर. निम्म्यावरच आईचे गुडघे दुखायला लागले.

"आई, परत फिरू या. तुला फोटो दाखवीन."

"फोटो तर नागपुरातही बघितले असते गं," असं म्हणून तिनं साडी वर खोचली, अंगात घातलेला माझा ओला स्वेटर खाली ओढला आणि चालू लागली. मला काळजी वाटत होती, थोडा रागही येत होता.

माथ्यावर पोचलो आणि ढग सरकले. खाली खोलवर हिरवंगार पाणी चमकलं. तिथे बसलेल्या अनोळखी लोकांनी आईसाठी टाळ्या वाजवल्या. ती लाजली. मग आयुष्यभर वर्गात मुलांना "हळू बोला" सांगणारी माझी आई दोन्ही हात उंचावून ओरडली, "आले गं बाई मी!" समोरच्या डोंगरानं तिचा आवाज परत पाठवला, तशी ती खळखळून हसली.

आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे. घरातला जिना चढताना दम लागतो, तेव्हा त्या चढणीची खरी उंची कळते.

उतरताना ती माझ्या पुढे होती. भेटेल त्या गोऱ्या माणसाला खणखणीत मराठीत सांगत होती, "जा, जा! थोडंच राहिलंय!"