लग्नात पंप बदलणारी सुमनआत्या

श्रीरामपूरला सुमनआत्याच्या गॅरेजात कुणी बिघडलेली गाडी आणली, की मालकाशी बोलायच्या आधी ती मागची सीट उचलून टाकीला कान लावायची. मालक काही सांगू लागला, की हात वर करायची. "थांबा जरा. आधी हिचं ऐकू द्या." नवऱ्यामागं ते गॅरेज तिनं एकटीनं चालवलं.

माझ्या लग्नाला मात्र ती पैठणी नेसून आली होती. "आज मी फक्त आत्या हाय," असं तिनं अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, निघतानाच बजावलं. लग्न कर्जतला होतं. मिरजगावच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो आणि नंतर अण्णांची गाडी सुरूच होईना. वऱ्हाडाची बस केव्हाच पुढे गेलेली. मुहूर्ताला जेमतेम तास. अण्णांना घाम फुटला.

"उठ गं नवरी," आत्या म्हणाली. मी शालू सावरत रस्त्याच्या कडेला उभी राहिले. तिनं सीट उचलली.

"अण्णा, चावी फिरव. नुसती फिरव."

काहीच ऐकू आलं नाही.

"टाकीतला पंप घूं करायला पायजे. ह्यो गप हाय. किती दिस उभी हुती गाडी?"

"तीन महिने," अण्णा पुटपुटले.

"मग जाम झालाय. जुन्या पेट्रोलचा चिकटा."

डिकीत रुखवत होतं. त्यातलं जरी गुंडाळलेलं लाटणं तिनं उपसलं. "लाकूडच बरं. लोखंडानं ठिणगी उडंल." पदर खोचून ती सरळ गाडीखाली शिरली आणि टाकीच्या बुडाला ठोकू लागली. ठक ठक. "फिरव!" काही नाही. ठक ठक ठक. "फिरव!" आणि एकदम घूंऽऽ! मी रस्त्यातच उड्या मारल्या, अण्णांनी हॉर्न दाबून धरला.

"आता मांडवापतूर बंद करायची न्हाई!" आत्या खालूनच ओरडली.

अक्षता वेळेवर पडल्या. मग फोटोच्या वेळी नवरदेव गायब! आत्यानं त्याला फेट्यासकट मोटरसायकलवरून नवा पंप आणायला पिटाळलं होतं. शोधत शोधत आम्ही मांडवामागे गेलो, तर बॅटरीची वायर काढलेली, सीट गवतावर, आणि माझा नवरा टाकीतून निघालेला जुना पंप जेवणाच्या ताटात धरून उभा.

"जावईबापू, सरळ धरा. सांडू नका."

तोवर त्यानं शेरवानीवर सांडलं होतंच. सासूबाई अत्तराची बाटली घेऊन धावल्या. पेट्रोल आणि मोगरा यांचा तो वास घेऊन आम्ही सगळ्या मोठ्यांच्या पाया पडलो. हसू आवरताना माझं पोट दुखत होतं.

पाठवणीला आम्ही दोघं अण्णांच्या त्याच गाडीत बसलो आणि ती पहिल्या चावीला सुरू झाली. आत्यानं खिडकीतून डोकं आत घातलं. तिच्या गालावर काळा फराटा होता.

"काई खटकलं तर लगेच बोल. गप बसून ऱ्हायचं न्हाई."

"हो आत्या," नवरा घाईनं म्हणाला, "अण्णांना दर आठवड्याला चालवायला सांगू."

आत्या खदखदून हसली आणि हसता हसताच रडायला लागली.

"गाडीचं कोन बोलतंय, पाव्हनं? मी माज्या पोरीला सांगतेय."