झालं त्याला दोरा

आधीच सांगते, माझ्या लिहिण्यात चुका फार असतील. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यानंतर पेन हातात धरलं ते रेशनच्या दुकानात सही करण्यापुरतं. ऱ्हस्व-दीर्घ आठवत नाही, आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. वही धाकट्या मुलीची आहे. मागची पानं कोरी होती, टाकून देववली नाहीत.

ती जालन्याला शिकायला असते. गेल्या सुट्टीत घरी आली होती. परत जाताना आम्ही दोघी गाडीसाठी फाट्यावर उभ्या होतो, तर ती म्हणाली, "आई, मी पेटीला कुलूप लावलं का गं?" मी म्हणाले, लावलंस. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती पिशवी माझ्याजवळ ठेवून घरी पळत गेली आणि गाडी चुकली. मला ते सगळं ठाऊक होतं. तोंडानं सांगायला मला जमत नाही, कधीच जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

माझं कुलूप नव्हतं, विस्तव होता. सकाळी भाकरी झाल्या की चुलीतला विस्तव राखेनं झाकायचा आणि कामाला निघायचं. मी झाकायचे. मारुतीच्या पाराशी पोचेपर्यंत मनात यायचं, झाकला का? झाकला. राखेनं झाकला, की नुसता हात फिरवला? मग तिथून विचार पळायला लागायचे. ठिणगी उडाली तर शेजारी सरपण. सरपणाला लागलं तर वर छपराचे वासे. छपराला लागून जावेचा कडबा, कडब्यापाशी बांधलेली गाय, आणि गाय सोडवायला माझी पोरगी आत गेली तर? पाय पुढे चालत असायचे पण जीव घरी जळत असायचा. मग मी मागे फिरायची. विस्तव झाकलेलाच असायचा. पुन्हा पाराशी यायची आणि पुन्हा वाटायचं, आत्ता बघताना राख हलली तर नसेल?

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. लोकांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. पण पारापासून मागे फिरून चूल बघून येते, हे बायकांना दिसत होतंच.

त्या काळी आमच्याकडे सरकीच्या, म्हणजे कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट नवे नवे आले होते. थोरली मुलगी पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. कंपनी बी द्यायची, शेतकरी प्लॉट करायचा, आणि फुलांचं लग्न लावायचं काम आम्हा बायकांचं. दुपारनंतर मादीच्या ओळीतली उद्या उमलणारी कळी हेरायची, नखानं सोलायची, आतली पिवळी पूड एक कणही न ठेवता काढायची आणि कळीवर तांबड्या कागदाची पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी काढून त्या जागी नराचं फूल घासायचं आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा म्हणजे काम झालं. न सोललेलं फूल आपोआप फळलं तर ते बी खोटं. कंपनीच्या साहेबाला तशी बोंडं सापडली तर सगळा प्लॉट नापास, मालकाचं वर्ष वाया.

आमच्या टोळीत अकरा बायका होत्या. टोळीची मुकादमीण सगळ्यांची मावशी. वय झालेलं, कमरेत थोडी वाकलेली, पण नख असं चालायचं की कळीला कळायचं नाही. तिनं प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा दिला होता, कुणाचं काम कसं ते दिसावं म्हणून. माझ्या वाट्याला दोन ओळी होत्या, आणि माझा दोरा हिरवा होता.

मी रोज उशिरा पोचायची. एक तोंडाळ बाई होती, ती मला बघितलं की ओरडायची, "आली का विस्तवाला भेटून? काय म्हन्तो, बरा हाय का?" सगळ्या हसायच्या. मावशी म्हणायची, "हसा नंतर. हात चालू द्या जल्दी." मी मान खाली घालून ओळीत शिरायची.

श्रावण संपत आला होता. त्या आठवड्यात माझ्या डोक्याचं चाक फारच पळत होतं, घरी पोरीला ताप होता म्हणून असेल. हात कळ्या सोलत होते आणि मन तापाजवळ, तापाजवळून विस्तवाजवळ, विस्तवाजवळून आणखी कुठे. ओळीच्या शेवटाला आले आणि मला एकदम जाणवलं की आपण काय केलं ते काहीच आठवत नाही. एकही कळी नाही. हातांनी केलं असेल, पण मी तिथे नव्हते.

तेव्हापासून विस्तवाच्या जागी कळ्यांचं सुरू झालं. पूड पूर्ण काढली का? सकाळी नर घासला का, की नुसताच दोरा बांधला? तीन दिवसांनी साहेब येणार होता. प्लॉट आमच्या गावातल्या काकूंचा होता. त्यांचे यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी, शेती त्या एकट्या बघायच्या. कंपनीचे पैसे आले की मुलाची फी भरायची होती, हे त्या येता-जाता बोलायच्या. माझ्या दोन ओळींनी त्यांचा प्लॉट बुडणार, मुलाची शाळा सुटणार, आणि हे सगळं मला एकटीला आधीच माहीत.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी काकूंच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. जन्मात कधी स्वतःहून कुणाच्या दारात बोलायला गेले नव्हते. म्हणाले, "काकू, माझ्या दोन्ही ओळी खोट्या हाईत. म्या सोलल्याच न्हाईत बराबर."

काकू हातातलं काम टाकून उठल्या. "किती दिसाच्या?"

"ठाऊक न्हाई. पहिल्यापासूनच्या असतील."

त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं. काकूंनी कुणाला विचारलं नाही. उद्या साहेब येणार, म्हणून दोन बायका सोबत घेतल्या आणि माझ्या दोन्ही ओळींवरची सगळी बोंडं तोडून टाकली. पंधरा-सोळा दिवसांचं काम टोपल्यात पडलं.

मावशी नदीपलीकडे दुसऱ्या प्लॉटवर गेली होती. दिवस कलताना आली आणि टोपल्यापाशीच बसली. एक बोंड उचललं, फिरवलं, ठेवलं. दुसरं उचललं. मी बांधावर उभी होते.

"इकडं ये," ती म्हणाली. "बस खाली. हे काय हाय?"

"बोंड."

"त्याच्या देठाला काय हाय?"

"हिरवा दोरा."

"आन् बुडाशी?"

मी बघितलं. आपोआप फळलेल्या बोंडाच्या बुडाशी एक बारीक हिरवी वाटी राहते. कळी नखानं सोलली की ती वाटी निघून जाते. माझ्या हातातल्या बोंडाला वाटी नव्हती. मावशीनं माझ्या ओटीत मूठभर बोंडं टाकली. एकालाही नव्हती. आणि नर घासला नसता तर सोललेल्या फुलाला बोंडच धरलं नसतं. अंधारून येईपर्यंत आम्ही सगळं टोपलं उलथून बघितलं. त्यात वाटी असलेली दोन बोंडं सापडली. एवढी तर कुणाच्याही ओळीत निघतात, साहेबही सोडून देतो.

"सगळ्यात नीट काम तुझंच हाय गं बाई," मावशी म्हणाली. "हातानं काय बी बिघडवलं न्हाई तुह्या. हे तोंडानं बिघडवलं."

मग मी रडले. मावशीनं रडू दिलं. पदराला हात पुसत म्हणाली, "माह्या सासूला असंच व्हायचं. दळण आणलं का, दळण आणलं का. पीठ समोर ठेवलं तरी इचारायची. मन हाय ते. त्याला तोंड न्हाई, दात न्हाई, निस्तं पळतंय. त्याच्या मागं पळून ते थांबतं का? तू दोरा कशापायी बांधती?"

"काम झालं ते कळाया."

"मंग घरी बी बांध की."

मला वाटलं थट्टा करते. पण दुसऱ्या दिवशी तिनं मला हिरव्या दोऱ्याचं अख्खं रीळ दिलं. विस्तव झाकला की चुलीजवळच्या खुंटीला दोरा गुंडाळायचा, तोंडानं मोठ्यानं म्हणायचं "झाकला", आणि उरलेला तुकडा मनगटाला बांधून निघायचं. पाराशी मन पळायला लागलं की मनगट बघायचं. मागे फिरायचं नाही. "मन म्हनंल जा. म्हनू दे. तू निस्ती चालत ऱ्हा."

पहिल्या दिवशी पारापासून शेतापर्यंत मला घाम फुटला. शेतात पोचले तेव्हा तोंडाळ बाई म्हणाली, "आज लवकर? विस्तव रुसला का काय?" या वेळी मीही हसले. कळ्या सोलत असताना दिवस किती चढला ते कळलं नाही, आणि मधेच लक्षात आलं की बऱ्याच वेळात घर आठवलंच नव्हतं.

पण काकूंचं नुकसान झालं होतं. प्लॉट पास झाला, पण माझ्या दोन ओळींचं तोपर्यंतचं बी गेलं. काकू म्हणाल्या, "जाऊ दे, मीच घाई केली, कुणाला इचाराया पाहिजे होतं." त्यांनी जाऊ दिलं तरी माझ्या डोक्यानं जाऊ दिलं नाही. त्या समोर दिसल्या की मी वाट बदलायची. शेवटी मावशीच मला घेऊन त्यांच्या घरी गेली.

"आकडा सांगा, काकू," ती म्हणाली. "ही बाई इचार करू करू मरंल. आकडा असला म्हंजे फेडून टाकता येतो."

काकूंनी नको नको म्हणत हिशेब केला. नऊशे रुपये. तेव्हा मजुरी पंचवीस होती. दर बाजाराच्या दिवशी दहा रुपये द्यायचे ठरलं. मावशीनं मला बजावलं, "त्याचा इचार बाजाराच्या दिशीच करायचा. बाकी दिशी आला तर त्याला म्हन, बाजाराच्या दिशी ये."

घरी ह्यांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "आधी सांगायचं ना मला. म्या आलो असतो दोरे मोजाया." एवढंच बोलले आणि गाईला पाणी दाखवायला गेले. पुढे आठवड्याचे दहा रुपये कधी कमी पडले तर तेच गुपचूप माझ्या डब्याखाली ठेवायचे.

तिसऱ्याच बाजाराला मी पैसे देऊन निघाले आणि वेशीवरून परत आले. "काकू, मी दिले ना?" काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या हसल्या नाहीत. माझ्या मनगटावरचा दोरा त्यांना दिसला असेल. म्हणाल्या, "तुह्या रिळातला दोरा दे." मी पिशवीतून रीळ काढून दिलं. एक तुकडा त्यांनी ओट्याकडच्या खिडकीच्या गजाला बांधला, आणि आधीच्या दोन्ही हप्त्यांचेही दोन बांधले. त्यानंतर दर बाजाराला एक गाठ. रस्त्यावरून जाता-येता मला दिसायची. तीर्थपुरीचा बाजार करून येताना मी न थांबता नुसती नजर टाकायची, आणि पुढे चालायची.

पुढचा हंगाम आला आणि गेला. कधी आजारपणात हप्ता चुकला, कधी दोन एकदम दिले. डोकं पळायचं थांबलं असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. अजूनही पळतं. पण आता मी त्याच्या मागे पाराशी जात नाही, ते जातं आणि येतं. पोरगी पुन्हा घरी आली की तिला रीळ दाखवीन. बोलायला जमलं नाही तर ही वही उघडून पुढ्यात ठेवीन.

शेवटच्या बाजाराला गज हिरवा झाला होता, खालचे दोरे उन्हानं फिके पडलेले. मी दहाची नोट दिली. काकूंनी ती कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "आजची गाठ तू मार." मला हात वर करून गाठ मारताना लाज वाटली, रस्त्यानं लोक जात होते. तरी मारली. त्यांनी विचारलं, "मोजायच्या का?" मी नाही म्हणाले. ओट्यावर मावशी सुपारी कातरत बसली होती, तिनं वर बघितलंही नाही.

नव्वद गाठी झाल्या. नऊशे रुपये फिटले.