बोल्टाखालचा रंग

घरमालकाच्या मोटारसायकलला मी हौसेनं रंग दिला नसता, तर एका माणसानं फुकट शिव्या खाल्ल्या नसत्या.

मी किनवटकडचा. आठवीत शाळा सुटली, दोन वर्षं बापाबरोबर मेंढरामागं हिंडलो आणि मग एका गाववाल्याच्या ओळखीनं इकडं छत्रपती संभाजीनगरला आलो. काम मिळालं वाळूजच्या कंपनीत आणि खोली मिळाली पार दुसऱ्या टोकाला, चिकलठाण्याच्या अंगाला. कंपनीची बस होती तोवर ठीक चाललं. मग आमच्या बाजूची बस बंद झाली. पहिली पाळी सहाची, त्या वेळी रिक्षा कुठली? तीनदा उशीर झाला. सुपरवायझर म्हणाला, "चौथ्यांदा गेटवरूनच परत जायचं." ते मला गावाकडं परत जा असंच ऐकू आलं.

घरमालक काका मूळचे सिल्लोडकडचे, शेतीवाले, इथं नोकरी करून निवृत्त झालेले. माणूस तिखट. नळ जास्त वेळ चालू राहिला तरी अख्ख्या गल्लीला कळायचं. पण माझं तोंड बघून त्यांनीच व्हरांड्यातल्या जुन्या गाडीवरची पोती काढली. "पंधरा वर्षं उलटली हिला. आरटीओत पासिंग करून आण, मग वापर. नापास झाली तर भंगारात घालीन, आणि मग तुझं तू बघ."

मला रडू आलं असतं. आईला फोनवर सांगितलं, मालक देवमाणूस आहे.

वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं होतं. कोपऱ्यावर एका चाचांचं दुकान आहे, गाड्यांच्या वायरिंगचं. दुकान म्हणजे एक पत्रा, एक बाकडं आणि शेजारी चहाची टपरी. चाचांनी सगळी वायर नवी ओढली. हेडलाइट, ब्रेकलाइट, चारी इंडिकेटर, हॉर्न, सगळं चालू करून दाखवलं आणि म्हणाले, "अब इसकू हात नक्को लगा." पुढच्या डाव्या इंडिकेटरात त्यांनी जुनाच बल्ब ठेवला होता. त्यांना दोष द्यायला तेवढंच सापडतं, म्हणून ते मी अजून विसरलेलो नाही.

पासिंगची तारीख बुधवारची होती. रविवारी मला सुट्टी. काकांचे उपकार कसे फेडायचे, तर मला सुचला रंग. टाकी उतरवली आणि चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, काळा ऑइलपेंट मारला. वरवर नाही हं. एकेक बोल्ट काढून, त्याच्या आट्यांना, त्याच्या भोकाला, वायरीच्या गोल टोकालासुद्धा ब्रश फिरवला. गंज राहायलाच नको म्हणून. संध्याकाळी काका चपला घालता घालता थांबले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "बरी दिसती." वर्षभरात त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढंच बरं.

सोमवारी दुपारी कामावरून आल्यावर बटण दाबलं आणि गाडीच्या अंगात आलं. डावा इंडिकेटर लावला की चारी मिणमिणायचे. ब्रेक दाबला की हेडलाइट विझत यायचा. हॉर्न वाजवला तर म्हातारा खोकल्यासारखा आवाज, आणि त्याच्या तालावर मीटरचा दिवा लुकलुकायचा.

काका बाहेर आले. "कुणी हात लावला?"

तीन शब्दांचं उत्तर होतं. मी लावला, काका. पण त्या क्षणी मला वाळूजचं गेट दिसलं. मी म्हणालो, "वायरिंग तर चाचांनी केलं ना."

यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते जास्त खोटं होतं.

काकांनी गाडी माझ्याकडून ढकलत कोपऱ्यावर नेली. टपरीवर चार-पाच जण चहा पीत होते. काकांनी तिथूनच तोंड सोडलं. "काय चाचा, जुनी वायर भरली व्हय माझ्या गाडीत? दाढी पांढरी झाली, आता तरी हात सुधारा!"

चाचा उठले. "मेरे पास से गई तब सब जलता था. इसकू पूछो. क्यूँ रे, जलता था ना?"

मी मागच्या टायरकडं बघत राहिलो.

"पोरगं काय सांगणार? सातवी पास ते," काका म्हणाले. "माल खाल्ला, सरळ सांगा ना."

"मैं माल खाया? मैं?" चाचांनी हातातली पक्कड बाकड्यावर आपटली. "ले जाओ ये गाडी. मेरे दुकान के सामने खडी नक्को करो." टपरीवरचा एक जण हसला. मी गाडी परत ढकलत आणली. ती एवढी जड कधीच नव्हती.

मंगळवारी दुपारी पाळीवरून आलो तो सरळ गाडीपाशी बसलो. उन्हात दिवा किती पेटतो ते दिसत नाही, म्हणून डोक्यावर पोतं घेऊन हेडलाइटसमोर मान घातली. काका खुर्ची टाकून बसले. "फोटो काढतो व्हय रं?" फ्यूज बदलला. बल्ब अदलाबदल केले. बॅटरीची टोकं घासली. वायरींचा एकेक जोड सोडवून परत बसवला. काही फरक नाही. "सोड आता," काका म्हणाले, "उद्या भंगारवाल्यालाच बोलवतो," आणि आत झोपायला गेले.

टाकीखाली सगळ्या अर्थिंगच्या वायरी एका गोल टोकात जमून चेसीला बोल्टानं आवळलेल्या असतात. दिव्यातून आलेला करंट तिथून गाडीच्या लोखंडात उतरतो आणि बॅटरीकडं परत जातो. तो बोल्ट आणखी आवळायला गेलो आणि माझा स्क्रूड्रायव्हर घसरला. चेसीचा रंग खरवडत तो त्या गोल टोकाला जाऊन टेकला, आणि पोत्याखाली लखकन उजेड पडला.

स्क्रूड्रायव्हर उचलला, दिवा मंद. टेकवला, लख्ख.

बोल्ट काढला. खाली माझाच रंग, काळा, गुळगुळीत, ब्रशाच्या रेघांसकट. करंटची परतीची वाट मीच लिंपून टाकली होती. पॉलिश पेपरनं लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, आवळलं, बटण दाबलं. सगळं चाचांनी दाखवलं होतं तसं.

बुधवारी पासिंगच्या रांगेत मी दर दोन मिनिटांनी बटणं दाबून दिवे बघत होतो. साहेबांनी वर न बघता विचारलं, "लेफ्ट. राइट. ब्रेक. हेडलाइट." झालं. पास.

काका खूष. "बघितलं? चार लोकांत झापलं की हात कसा सरळ चालतो चाचाचा! आला असंल गुपचूप नीट करायला."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. रंग, बोल्ट, घासणं. काकांनी इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाले, "कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाय."

"मग सांगू बी नको. लोकांसमोर बोलून बसलोय मी. आता तिथं जाऊन नाक घासू व्हय? चाचाला कळलं की सगळ्या टपरीला कळंल. तुला गाडी पायजे का नको?"

"पायजे."

त्यांनी चावी माझ्या हातावर टाकली. ती घेताना मी त्यांच्या पाया पडलो. त्या पाया पडण्याची मला आजही चीड येते. काकांची येते, त्याहून माझी.

दोन दिवसांनी भर दुपारी, टपरी रिकामी बघून, मी चाचांकडं गेलो. हळू आवाजात म्हणालो, "चाचा, चूक माझी होती. मी रंग मारला होता अर्थिंगला."

चाचा वायर सोलत होते. सोलतच राहिले. "चार लोगां में गाली खिलाया, और माफी कान में लाया?"

मी रिकाम्या टपरीकडं बघितलं.

"शाम कू आ. टपरी भरेगी तब बोल. जोर से."

"हौ," म्हणालो. संध्याकाळी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पहिली पाळी मात्र चुकली नाही. गेटवर वेळेत पोचलो की सुपरवायझर मान हलवायचा आणि मला काकांचे उपकार आठवायचे. मग चाचा आठवायचे, आणि दोघांचाही राग यायचा.

आता दोन वर्षं झाली. त्या बोल्टाखाली रंग नाही, म्हणून गंज धरतो. दर दोनेक महिन्यांनी दिवे मंद होतात. मग मी पोतं घेऊन व्हरांड्यात बसतो, टाकी उतरवतो, लोखंड घासतो. कोपऱ्यावर नेली तर अर्ध्या तासाचं काम. पण मला त्या दुकानासमोर गाडी उभी करता येत नाही. तिथून जाताना मी ब्रेकही दाबत नाही.